लहान गावी खाण्यासाठी एक दिवस: तयारी, क्रम आणि टाळता येणाऱ्या चुका

एखाद्या लहान गावी तिथले पदार्थ चाखायला सकाळी जाऊन रात्री परत येण्याचा बेत वरवर सोपा वाटतो, आणि म्हणूनच तो वारंवार फसतो. मंडळी जेवणाच्या अंदाजाने दुपारी पोहोचतात, तोवर सकाळचे पदार्थ संपलेले असतात. भुकेच्या भरात पहिल्याच ठिकाणी भरपेट खाल्ले जाते, आणि ज्यासाठी एवढी धडपड केली तो पदार्थ समोर येतो तेव्हा दोन घासही जात नाहीत. संध्याकाळी घाईत बांधून घेतलेले खाणे घरी पोहोचेपर्यंत आंबते. या सगळ्याचे मूळ एकच आहे: दिवसाची आखणी ठिकाणांच्या यादीवरून केली जाते, ती पदार्थांच्या वेळांवरून करायला हवी. खालील टप्प्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातील निर्णय आधीच्या टप्प्यात गोळा केलेल्या माहितीवर अवलंबून आहे.

टप्पा १: गाव निवडणे

एका बाजूचा प्रवास दोन ते अडीच तासांपेक्षा जास्त नसावा. त्याहून लांबचे गाव निवडले, तर एकतर सकाळचा पहिला पदार्थ हुकतो किंवा परतीचा प्रवास रात्रीवर जातो. लांबच्या गावासाठी मुक्काम करावा; ते एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये.

गावात मिळणारा पदार्थ आणि गावात होणारा पदार्थ यांत फरक करावा. हमरस्त्यावरच्या दुकानांत पाहुण्यांसाठी मांडलेला माल अनेकदा दुसऱ्या शहरातील कारखान्यातून आलेला असतो आणि त्यावर फक्त गावाचे नाव छापलेले असते. यादीतील प्रत्येक पदार्थाला तीन प्रश्न लावावेत: त्याचा मुख्य कच्चा माल जवळपास पिकतो किंवा मिळतो का, तो गावातच तयार होतो का, आणि गावातले लोक तो स्वतः खातात का. तिन्ही उत्तरे होकारार्थी असलेले किमान तीन पदार्थ सापडले, तर ते गाव एका दिवसाच्या योग्यतेचे आहे. एकाच पदार्थासाठी जायलाही हरकत नाही, मात्र तो त्या दिवशी मिळाला नाही तर दिवस वाया जाईल, हे आधीच मान्य करून निघावे.

काही पदार्थांना आणि पिकांना भौगोलिक मानांकन मिळालेले असते आणि त्यांची नोंदवही सहसा सर्वांना पाहता येते. एखादा पदार्थ खरोखर कोणत्या भागाशी जोडलेला आहे, हे त्यावरून कळते. तो गावात कोण चांगला करतो, हे मात्र नोंदवही सांगत नाही. त्यासाठी पुढचे टप्पे आहेत.

टप्पा २: पदार्थांची यादी, वेळेसकट

सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जण वगळतात. कागदावर प्रत्येक पदार्थासमोर सहा गोष्टी लिहाव्यात: तो कधी तयार होतो, कधी संपतो, कोणत्या वारी मिळत नाही, कोणत्या मोसमात चांगला असतो, पोटाला हलका की जड, आणि तो जागीच खाण्याचा की नेण्याजोगा.

पदार्थाची वेळ त्याच्या कृतीतून येते, त्यामुळे कृती समजून घेतली की वेळेचा अंदाज बराचसा अचूक बांधता येतो. भट्टीत भाजायचे पीठ रात्रभर फुगत ठेवलेले असते आणि पहाटे भाजले जाते. म्हणून तो माल सकाळी ताजा असतो आणि दुपारी उरलेला असतो. आंबवलेल्या पिठाचे पदार्थही सकाळीच बरे, कारण उष्ण दिवसात पीठ तासागणिक जास्त आंबट होत जाते. मोठ्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेले मांस किंवा कडधान्य दिवसातून एकदाच रांधले जाते. ते दुपारच्या जेवणाला तयार होते आणि भांड्याचा तळ दिसला की त्या दिवसापुरते संपते. नवे करायला पुन्हा कित्येक तास लागत असल्याने कोणी पुन्हा करत नाही. मासळी होड्या किनाऱ्याला लागण्याच्या वेळेवर अवलंबून असते आणि ती वेळ भरती-ओहोटीप्रमाणे बदलू शकते. तळलेले आणि भाजलेले चटकमटक पदार्थ बहुधा संध्याकाळी, लोक कामावरून परतताना निघतात. एकाच ठिकाणी दुपारी एक ते दोन या वेळेत सगळे मिळेल, ही समजूत लहान गावात सहसा खोटी ठरते.

त्यानंतर वार पाहावा. लहान गावात एक दुकान बंद असले की तो पदार्थच गावातून बंद असतो. साप्ताहिक सुट्टी, प्रार्थनेचा वार, सणासुदीचे आणि उपवासाचे दिवस तपासावेत. दुसरीकडे, आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वस्त्यांतून लोक येतात आणि जे पदार्थ एरवी घरातच होतात तेही विकायला बसतात. शक्य असेल तर बाजाराचाच वार धरावा. गर्दी सोसावी लागेल, परंतु निवड दुपटीने वाढेल आणि माल लवकर खपत असल्याने ताजाही असेल.

मोसमही याच कागदावर लिहावा. अनेक किनाऱ्यांवर माशांच्या विणीच्या काळात मासेमारीला बंदी असते. त्या काळात तिथे मिळणारी मासळी बहुतांशी साठवलेली किंवा बाहेरून आणलेली असते. फळे, रानभाज्या, नवे धान्य, ताजा मध यांनाही आपापले महिने असतात. मोसमाबाहेर जाऊन पदार्थ तेवढा खास नव्हता असे म्हणणे त्या गावावर अन्याय करणारे आहे.

ही माहिती मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे फोन. मात्र दुकान उघडे आहे का, एवढेच विचारू नये. उत्तर हो असेच येते आणि त्याचा उपयोग होत नाही. प्रश्न असे असावेत: हा पदार्थ किती वाजता तयार होतो? साधारण किती वाजता संपतो? अमुक वारी करता का? चार माणसांसाठी बाजूला काढून ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाला होकार मिळाला, तर निघण्याआधी पुन्हा फोन करून आपण येत असल्याचे कळवावे, आणि जाणे रद्द झाले तर तेही कळवावे. लहान दुकानात चार वाट्या बाजूला काढणे म्हणजे चार नेहमीची गिऱ्हाइके परत पाठवणे असते.

नकाशांच्या ॲपवरील अभिप्राय वाचताना चांदण्यांची सरासरी बाजूला ठेवून सर्वांत नवे अभिप्राय आधी वाचावेत, आणि लोकांनी टाकलेल्या छायाचित्रांच्या तारखा पाहाव्यात. बसायला जागा नाही, उशिरा गेलो तर संपले होते, एकच पदार्थ मिळतो, अशा तक्रारी खाण्यासाठी जाणाऱ्याला उपयोगी असतात. त्यांवरून ते ठिकाण काय आणि कधी करते ते कळते. पदार्थ कोमट होता, पोट बिघडले, तेलाचा वास येत होता, या तक्रारी अलीकडच्या असतील आणि एकाहून अधिक जणांनी केल्या असतील, तर ते ठिकाण वगळावे.

तपासा: यादीतील प्रत्येक पदार्थासमोर तयार होण्याची आणि संपण्याची वेळ लिहिलेली आहे का? नसेल तर तो पदार्थ मुख्य यादीतून काढून राखीव यादीत टाकावा.

टप्पा ३: दिवसाचा क्रम आखणे

आता ठिकाणे नकाशावर मांडावीत, त्याआधी नाही. जवळजवळ आहेत म्हणून तीन ठिकाणे सलग धरली, तर तिसऱ्या ठिकाणी पोट भरलेले असते. प्रथम ज्यांची वेळ ठरलेली आहे असे पदार्थ कागदावर पक्के करावेत, आणि मधल्या रिकाम्या जागांत दिवसभर मिळणारे पदार्थ बसवावेत.

पोटाची क्षमता हाच या दिवसाचा खरा हिशेब आहे. प्रौढ माणसाच्या जठरात आरामात साधारण एक लिटरभर अन्न-पाणी मावते. त्यात स्निग्ध पदार्थ गेले की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. म्हणून सकाळीच तळलेले खाल्ले, तर त्याचा परिणाम दुपारच्या जेवणावर होतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटे लागतात, त्यामुळे भराभर खाणाऱ्याला आपण जास्त खाल्ले हे उशिरा कळते. या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या, तर क्रम आपोआप सुचतो: सकाळी हलके आणि कोरडे, दुपारी दिवसाचे मुख्य जेवण, संध्याकाळी थोडे तळलेले, आणि गोड अधूनमधून चवीपुरते. दोन ठिकाणांत किमान दीड तासाचे अंतर ठेवावे आणि त्यातला काही वेळ चालण्यात घालवावा.

एकच चव सलग खात राहिल्यास तिचा आनंद लवकर ओसरतो, तर वेगळी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. आहारशास्त्राच्या संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आखणीसाठी त्याचे दोन उपयोग आहेत. एकाच प्रकारचे दोन पदार्थ पाठोपाठ ठेवू नयेत; खारट-तिखटानंतर गोड किंवा आंबट ठेवावे. आणि वेगळी चव पाहून जागी झालेली भूक ही पोटात जागा असल्याची खूण मानू नये, कारण जठर तेवढेच असते.

मुख्य थांबे चारच ठेवावेत. पाचवा थांबा कागदावर शोभतो, पण प्रत्यक्षात तो चौथ्याची चव बिघडवतो. उरलेले पदार्थ राखीव यादीत ठेवावेत आणि मुख्य पदार्थ हुकला तरच त्यातले उघडावेत.

सावधान: अतितिखट पदार्थ दिवसाच्या सुरुवातीला ठेवू नये. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग शमत नाही आणि पुढच्या दोन पदार्थांची बारीक चव जिभेला लागत नाही. दूध किंवा दही घेतल्यास आराम पडतो.

टप्पा ४: आदल्या दिवशीची तयारी

रात्री नेहमीसारखे पण हलके जेवावे. दुसऱ्या दिवशी खूप खायचे म्हणून उपाशी राहणे ही मोठी चूक आहे. उपाशी माणूस पहिल्या ठिकाणी तारतम्य सोडतो. सकाळी निघताना एखादे फळ किंवा मूठभर काहीतरी खाऊन पाणी प्यावे.

सोबत घ्यायच्या वस्तू मोजक्याच आहेत, परंतु त्यांतील एकही वगळू नये. सुट्टे पैसे हवेत, कारण लहान गावात नेटवर्क गेले की मोबाइलवरचे पैसे देणे थांबते. गावाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलेला हवा आणि पदार्थांची यादी कागदावर हवी. पिण्याचे पाणी, हात धुण्याचा साबण, कागदी रुमाल, दोन चमचे आणि एक रिकामी ताटली घ्यावी. ही ताटली वाटून खाताना किती उपयोगी पडते ते तिथे गेल्यावर कळते. घट्ट झाकणाचे तीन-चार डबे, थंडावा टिकवणारी पिशवी, गोठवलेले जेलचे पॅक, लेबल लावायला चिकटपट्टी आणि पेन घ्यावे. जलसंजीवनीची दोन पाकिटे आणि स्वतःची नेहमीची औषधे हाताशी असावीत.

कोणाला अन्नाची ॲलर्जी असेल, तर त्या घटकाचे नाव तिथल्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहिलेले कार्ड करून न्यावे. गहू, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, अंडी, मासे, भुईमूग, दूध, सुकामेवा आणि तीळ हे ॲलर्जीचे प्रमुख घटक मानले जातात. घरगुती पदार्थांवर घटकांची यादी छापलेली नसते, आणि एकाच तेलात अनेक पदार्थ तळले जातात. म्हणून पदार्थात काय आहे याबरोबरच, याच तेलात आणखी काय तळता, हेही विचारावे. तीव्र ॲलर्जी असेल आणि खात्रीचे उत्तर मिळत नसेल, तर तो पदार्थ सोडून द्यावा.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे सोबत असतील, तर कच्चे दूध, त्यापासून केलेले मऊ ताजे चीज, कच्ची मासळी आणि अर्धकच्चे मांस त्यांच्या यादीतून आधीच काढावे. ऐन वेळी ताटावर बसून हा विषय काढला की कोणीतरी भिडेखातर खातो.

टप्पा ५: पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

पहिला पदार्थ संपण्याच्या किमान एक तास आधी गावात पोहोचावे आणि लगेच खायला बसू नये. वाहन एका जागी लावून यादीतील ठिकाणांवरून पायी एक फेरी मारावी. कोणते दुकान आज बंद आहे, कुठे रांग लागते आहे, दुपारचे भांडे चुलीवर चढले आहे का, हे या फेरीत दिसते आणि यादीतील चुका खाण्याआधी दुरुस्त करता येतात.

याच फेरीत गावातल्या दोन-तीन माणसांना विचारून घ्यावे. विचारायला योग्य माणसे म्हणजे ज्यांचा खाण्याच्या धंद्याशी संबंध नाही अशी: कापडवाले, सायकल दुरुस्त करणारे, औषधांच्या दुकानातले. इथले प्रसिद्ध काय, असे विचारल्यास पाहुण्यांना सांगायचे ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी, तुम्ही स्वतः सकाळी काय आणता आणि कुठून आणता, असे विचारावे. दोन वेगवेगळ्या माणसांकडून एकच नाव आले, तर ते यादीत नसले तरी घ्यावे आणि त्यासाठी राखीव यादीतले एक नाव कापावे.

टप्पा ६: ठिकाण पारखणे आणि मागवणे

आत बसण्यापूर्वी पाच मिनिटे बाहेर उभे राहून पाहावे. कढईजवळ उभे राहिल्यास बरेच काही कळते. तेल पिवळसर आणि पातळ असेल, घाणा सोडल्यावर बारीक बुडबुडे झटकन उठून कडेला विरत असतील, तर तेल चांगले आहे. तेल काळपट आणि दाटसर झालेले असेल, त्यावर चिकट फेस टिकून राहत असेल आणि पदार्थ पडण्याआधीच धूर निघत असेल, तर ते फार वेळा तापवलेले आहे. त्याच वेळी परातीकडेही पाहावे. घाणा निघाला की परात भरते आणि पुढचा घाणा निघेपर्यंत रिकामी होते, हे उत्तम लक्षण. परात भरलेलीच आहे आणि गिऱ्हाईक आले की तेच पुन्हा तेलातून काढून दिले जात आहे, असे दिसले तर तिथे तळलेले मागवू नये.

स्वच्छता पारखताना भिंतींचा रंग आणि जुनी बाके यांवर जाऊ नये. पैसे घेणारा हात आणि पदार्थ वाढणारा हात वेगळा आहे का, भांडी वाहत्या पाण्यात धुतली जातात की एकाच बादलीत बुचकळली जातात, कच्चे मांस आणि शिजवलेले अन्न एकाच फळीवर तर नाही ना, चटण्या झाकलेल्या आहेत का, आणि वाढलेले अन्न वाफाळते आहे का, हे पाहावे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात राहिले की जिवाणू वेगाने वाढतात. म्हणून धोका गरम अन्नात कमी आणि कोमट अन्नात जास्त असतो. भाताबद्दल विशेष काळजी घ्यावी, कारण भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की ते पुन्हा वाढू लागतात. बर्फ आणि कापून ठेवलेली फळे, त्यांच्या पाण्याची खात्री नसेल, तर टाळावीत.

मागवताना प्रत्येक पदार्थाची एकच थाळी मागवून सर्वांनी वाटून घ्यावी. आवडले तर दुसरी मागवता येते. आधीच चार मागवल्या तर त्या संपवाव्या लागतात किंवा टाकाव्या लागतात, आणि घरातून रांधून आणून विकणाऱ्याच्या देखत अन्न टाकणे फार वाईट दिसते. दुकान लहान असेल आणि गर्दीची वेळ असेल, तर एका थाळीवर चार जणांनी जागा अडवून बसू नये. उभ्याने खावे किंवा सोबतची ताटली काढावी.

पहिला घास पदार्थ जसा येतो तसाच घ्यावा. तिखट कमी करा, कांदा नको, असे सुरुवातीलाच सांगितले की आपण आपल्या घरचीच चव मागवतो. मग खाली बसलेल्या जुन्या गिऱ्हाइकाकडे पाहावे: तो काय आधी कालवतो, काय तोंडी लावतो, काय शेवटी घेतो. न कळल्यास वाढणाऱ्याला विचारावे. हा प्रश्न बहुतेकांना आवडतो. कृती विचारायची असेल तर गर्दी ओसरल्यावर विचारावी, आणि छायाचित्र काढण्याआधी परवानगी घ्यावी.

सावधान: भूक लागलेली असताना मुख्य पदार्थाची वाट पाहत इतर काही चरत बसू नये. दिवसाचा बिघाड बहुधा इथे सुरू होतो.

टप्पा ७: दुपारची विश्रांती

मुख्य जेवणानंतर दोन तास काहीही खाऊ नये. सावलीत बसावे, हळू चालावे, पाणी थोडे थोडे प्यावे. गोड फसफसणारी पेये पोटातली उरलीसुरली जागा व्यापतात. याच वेळी प्रत्येक पदार्थाबद्दल दोन ओळी टिपून ठेवाव्यात, कारण संध्याकाळपर्यंत चवी एकमेकींत मिसळतात.

टप्पा ८: सोबत न्यायची खरेदी

खरेदी निघण्याच्या आधीच्या तासात करावी. सकाळी घेतलेले खाणे दिवसभर तापलेल्या गाडीत ठेवणे धोक्याचे आहे. लवकर संपणारा पदार्थ सकाळीच बांधून घ्यावा लागला, तर दुकानदारालाच तो संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे थंड ठेवण्याची विनंती करावी.

मालाचे तीन भाग करावेत. पहिला भाग कोरडा आणि टिकाऊ: मसाले, वाळवणे, मध, सुके पदार्थ. हे कसेही नेता येतात. दुसरा भाग कुरकुरीत पदार्थांचा: हे पूर्ण थंड झाल्यावर कागदात गुंडाळावेत. गरम असताना डब्यात बंद केले की वाफेचे पाणी होते आणि ते मऊ पडतात. तिसरा भाग नाशवंत: दुधाचे, मांसाचे, मासळीचे, भाताचे आणि ओल्या वाटणाचे पदार्थ. यांना बाहेर ठेवण्याची मर्यादा दोन तासांची आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची. परतीचा प्रवास त्याहून लांब असेल आणि थंड पिशवी नसेल, तर नाशवंत माल घेऊच नये.

घरी जाऊन चांगले उकळू, म्हणजे झाले, हा समज काढून टाकावा. काही जिवाणू अन्नात विष तयार करून ठेवतात आणि उकळल्याने जिवाणू मेले तरी ते विष तसेच राहते. नीट थंड न ठेवलेल्या काही माशांमध्ये तयार होणारे हिस्टामिनही शिजवून नष्ट होत नाही. घरगुती बरण्यांत भरलेल्या भाज्या किंवा मांस घेताना झाकण फुगलेले नाही, बरणी गळत नाही आणि उघडताना जोराने हवा सुटत नाही, हे पाहावे. यांपैकी एकही खूण दिसली, तर चव घेऊनही पाहू नये.

तपासा: प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव, घेतल्याची वेळ आणि कधीपर्यंत खावा हे लिहिले आहे का? शेवटची माहिती विकणाऱ्यालाच विचारून घ्यावी.

टप्पा ९: परतीचा प्रवास

दुपारी दोन ते चार या काळात शरीराची जागरूकता नैसर्गिकपणे उतरते आणि भरपेट जेवणाने ती आणखी उतरते. त्यामुळे मुख्य जेवण उरकून लगेच गाडी चालवत परत निघण्याचा बेत करू नये. चालक कोण हे आदल्या दिवशीच ठरवावे, त्याने दुपारी हलके खावे आणि मद्य अजिबात घेऊ नये. त्याच्या वाट्याचा पदार्थ त्याच्यासाठी बांधून घ्यावा, कारण दिवसभर हात आखडता घेणारा तोच असतो. झोप येऊ लागल्यास खिडकी उघडणे किंवा गाणी लावणे पुरेसे नसते. सुरक्षित जागी थांबून कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरावी, म्हणजे ती चुकली तरी एक गाडी हाताशी राहते. वळणांचा रस्ता असेल तर निघण्याआधीच्या तासात तेलकट खाऊ नये.

टप्पा १०: घरी पोहोचल्यावर

कितीही दमलेले असलात तरी नाशवंत डबे आधी फ्रिजमध्ये ठेवावेत. पुन्हा गरम करताना संपूर्ण पदार्थ, मधल्या भागासकट, ७० अंशांपर्यंत तापला पाहिजे, म्हणजे ढवळल्यावर सगळीकडून वाफ निघाली पाहिजे. गरम करायचे तेवढेच बाहेर काढावे.

पोट बिघडल्यास पहिली काळजी पाण्याची घ्यावी. जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट प्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही मापे चहाच्या चमच्याची, विरघळवून घ्यावीत. मीठ या मापापेक्षा जास्त पडता कामा नये. शौचातून रक्त जाणे, जास्त ताप, पाणीही न टिकणारी उलटी, लघवी फार कमी होणे किंवा गळून झापड येणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. काय, कुठे आणि किती वाजता खाल्ले, हे डॉक्टरांना सांगायला दुपारी टिपलेला आणि डब्यांवर वेळ लिहून ठेवलेला मजकूर उपयोगी पडतो. म्हणून तो निदान तीन-चार दिवस जपून ठेवावा.